बांधकामावरच्या बाया: रोजी, नोंदणी आणि मिस्त्रीची थापी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरकुल, समाजमंदिर, नाली, सिमेंट रस्ता, अंगणवाडीची खोली. विदर्भातल्या खेड्यात बांधकाम म्हटलं की बहुतेक एवढंच. टॉवर नाहीत, मोठ्या कंपन्या नाहीत. एक छोटा ठेकेदार, दोन-तीन मिस्त्री आणि हाताखाली आठ-दहा माणसं, त्यात निम्म्या बाया. या कामावरच्या बाया, त्यांचे नवरे, मिस्त्री, ठेकेदार आणि घर बांधणारी माणसं जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे घेतले आहेत. आपल्या कामाचा तेवढा प्रश्न वाचला तरी चालेल. फक्त मिस्त्रीकामाचा प्रश्न कोणी गाळू नये.

बाया तर साइटवर आहेतच. मग समानता आणखी कशाची आणायची?

स्लॅबच्या दिवशी कोणत्याही गावात जाऊन उभे राहा. गिट्टी-रेती भरायला बाया, घमेली पुढे द्यायला बाया, दुसऱ्या दिवसापासून तराईला, म्हणजे स्लॅबवर पाणी मारायला, पुन्हा बायाच. त्यांना या धंद्यात आणायचा प्रश्नच नाही. गाडी अडते ती पुढे. अठरा वर्षांचा पोरगा मिस्त्रीच्या हाताखाली लागतो. दोन उन्हाळे जातात आणि एक दिवस मिस्त्री चहा पिता पिता त्याला म्हणतो, “घे थापी, मार दोन थर.” पुढच्या वर्षी तो अर्धा मिस्त्री झालेला असतो आणि रोजीही तशीच मागतो. त्याच साइटवर त्याच्या आईच्या वयाची बाई कित्येक वर्षांपासून माल देत असते. तिला थापी कोणी देत नाही, तीही मागत नाही, आणि गुडघे जाईपर्यंत ती घमेलंच वाहते.

कुडाची किंवा मातीची भिंत लिंपायचं, पोतारायचं काम आपल्याकडे बायांचंच होतं. गडी लाकूड उभं करायचा, भिंतीवर हात बाईचा फिरायचा. भिंत सिमेंटची झाली आणि तोच हात अकुशल ठरला. हे कोणी बसून ठरवलं असं नाही, पण झालं ते असं.

गड्याएवढं वजन बाई उचलत नाही. मग रोजी सारखी कशी द्यायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा दरवेळी सिमेंटच्या पोत्याकडे बोट दाखवतो. पोतं ५० किलोचं असतं. बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९८ मध्ये केलेल्या नियमांत एका माणसाने एकट्याने उचलायच्या वजनाची मर्यादा दिली आहे: प्रौढ पुरुषाला ५५ किलो, प्रौढ बाईला ३०. तेव्हा बाईच्या डोक्यावर अख्खं पोतं द्यायचंच नसतं. पण दिवसभरात पोती उचलायची तरी किती वेळ? ती उतरवून झाली की राहतं ते घमेलं. भरलेलं घमेलं पंधरा-वीस किलोचं धरा. शंभर खेपांत दीड-दोन टन माल एका बाईने वाहिला. तो हिशेब मात्र कोणी धरत नाही.

कायद्याने विचाराल तर १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून हीच स्थिती आहे, आणि आता त्या कायद्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेतही आहे: एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुष म्हणून वेगळी मजुरी देता येत नाही. किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीने ठरतात. ‘बाईचा दर’ आणि ‘गड्याचा दर’ असे रकाने त्या तक्त्यात नाहीत. ते रकाने फक्त ठेकेदाराच्या डायरीत असतात.

वजनाची खरीच अडचण असेल तर एकचाकी ढकलगाडी आणा, माल वर चढवायला लिफ्टवाला मिक्सर आणा. पण इथे एक धोका आहे. मशीन आली की तिच्यावर गडी बसतो आणि घमेलं वाहणाऱ्या बायांना “उद्यापासून येऊ नका” असा निरोप जातो. मिक्सर चालवायला ताकद लागत नाही, शिकवणारा लागतो.

कायदा असेल, पण गावात ठेकेदाराला विचारणार कोण? उद्या तो दुसऱ्या गावच्या बाया आणेल.

आणेल. म्हणून एकटीने विचारू नये, आणि केव्हा विचारायचं तेही पाहावं. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणीला आला की वर्धा-यवतमाळकडे साइटवर बाई मिळणं कठीण होतं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीत तीच गत. त्या दिवसांत ठेकेदार स्वतः गाडी घेऊन मोहल्ल्यात येतो. रोजीची बोली तेव्हा करायची, आणि ती अख्ख्या हंगामाची करायची. मे महिन्यात, हाताला दुसरं काम नसताना, तुमच्या शब्दाला वजन नसतं.

सारखी रोजी ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामांवर बाई आणि गडी एकाच दरात राबले आहेत. ज्या आजोबांनी पाझर तलावाच्या कामावर बायकोइतकीच मजुरी घेतली, त्यांचाच नातू आज ठेकेदार होऊन “असं कुठं असते का?” विचारतो.

आम्ही नवरा-बायको जोडीने कामाला जातो. चुकारा नवऱ्याच्या हातात देतात. त्यात वावगं काय?

घरात पैसा एकच असेल तर वावगं वाटणार नाही, पण तोटा आहे आणि तो नंतर कळतो. जोडीची हजेरी एका नावावर लागली की बाई कागदावर कामाला नव्हतीच. पुढे बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवसांचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा ठेकेदार नवऱ्याच्या नावाने देतो आणि बाईला म्हणतो, “तुमचं नाव कुठं आहे माझ्याकडे?” अपघात झाला तरी तीच अडचण.

मेळघाटातून कामासाठी बाहेर पडणाऱ्या कोरकू कुटुंबांत, किंवा छत्तीसगड-बालाघाटकडून आपल्याकडे येणाऱ्या मजुरांत ही जोडीची पद्धत जास्त दिसते. आधी उचल घेतलेली असते, मग सगळा हिशेब मुकादम आणि नवरा यांच्यातच होतो. बाईने साधी दोन रुपयांची वही ठेवावी. तारीख, साइट, काम, आणि आठवड्याला ठेकेदाराची सही. तो सही देत नसेल तर मोबाइलवर साइटचा फोटो काढून ठेवावा, त्यात तारीख येतेच. आणि चुकारा बाजाराच्या दिवशी रोख न घेता स्वतःच्या खात्यात मागावा. पहिल्यांदा घरात कुरबूर होईल. होऊ द्या.

बांधकाम कामगार म्हणून बाईची वेगळी नोंदणी होते का?

होते, आणि वेगळीच करायची. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या, मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कोणाचीही नोंदणी होते. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुक, फोटो आणि ९० दिवसांचं प्रमाणपत्र एवढं लागतं. प्रमाणपत्र ठेकेदार देतो. खेड्यात ते ग्रामसेवकाकडून, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडूनही मिळतं. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि बहुतेक बायांचं कार्ड तिथेच बंद पडतं.

मिळतं काय? पहिल्या दोन बाळंतपणांना, नैसर्गिक प्रसूती असेल तर १५,००० रुपये, शस्त्रक्रिया झाली तर २०,०००. मुलांच्या शिक्षणाला पहिली ते सातवीपर्यंत वर्षाला २,५००, आठवी ते दहावी ५,०००, आणि पुढच्या शिक्षणाला त्याहून जास्त. कामावर असताना मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख. हा पैसा सरकारची मेहरबानी नाही. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, त्यातून तो जमतो. म्हणजे तुम्ही वाहिलेल्या प्रत्येक घमेल्याच्या हिशेबात त्याचा वाटा आहे.

गावात नोंदणीची चर्चा सुरू होते ती मंडळाकडून मिळणाऱ्या भांड्यांच्या संचावरून. संच घरी आला की “आता बाईच्या नोंदणीचं काय काम?” असं घरातच म्हणतात. दुसरीकडे, ज्यांनी आयुष्यात फावडं धरलं नाही अशांची कार्डं निघतात आणि खरी मजूर बाई कागदाअभावी बाहेर राहते. मधला माणूस “मी करून देतो” म्हणत हजार-दोन हजार मागतो. त्याला एक पैसाही देऊ नका, तालुक्याच्या सुविधा केंद्रात स्वतः जा. एक रोजी बुडेल, पण कागद आपल्या हातात राहील.

लेकरू साइटवर कुठे ठेवायचं?

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बाया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची सक्ती केली होती. आपल्या गावच्या साइटवर दहा बायाही नसतात, म्हणून तो नियम कागदावर कितीही चांगला असला तरी घरकुलाच्या कामापर्यंत कधी आला नाही. मग लेकरू झोळीत, निंबाच्या झाडाखाली, आणि बाजूला रेतीचा ढीग, सळयांचे तुकडे, उघडी पाण्याची टाकी.

तीन वर्षांवरचं मूल अंगणवाडीत जाऊ शकतं. त्याखालच्यांसाठी रोजगार हमीतली पद्धत उचलण्यासारखी आहे: कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली की एका बाईला फक्त मुलं सांभाळायला लावायचं आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यायची. दोन-तीन घरांची कामं शेजारीशेजारी चालली असतील तर ठेकेदारांनी मिळून हे करायला हरकत नाही. ज्या बाईचं लक्ष झोळीकडे नाही तिचे हात भरभर चालतात, हे तरी त्यांना पटावं.

साइटवर बायांसाठी संडास कुठून आणायचा? काम तर तीन महिन्यांचं.

ज्याचं घर बांधताय त्याच्या घरचा किंवा शेजारचा उघडून द्या. नवीन घरकुल असेल तर पायासोबत संडासाचं काम आधी उरका आणि तोच वापरा. पाणी पिणं टाळून उन्हाळ्याचा दिवस काढणाऱ्या बाया प्रत्येक साइटवर आहेत, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पंचेचाळीस डिग्रीत ते जिवावर बेतू शकतं. यावर यापेक्षा जास्त चर्चा करावी लागू नये.

मला मिस्त्रीचं काम शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही अर्धी वाट आधीच चालून आला आहात. माल किती पातळ, किती घट्ट, हे तुमच्या हाताला माहीत आहे. विटांच्या जुडाईला एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती), प्लास्टरला एकास चार हे तुम्ही रोज कालवता. तराई किती दिवस करायची तेही तुम्हीच करता. राखमिश्रित पीपीसी सिमेंटला कमीत कमी दहा दिवस पाणी मारायचं असतं, आणि अनेक मिस्त्री पाचव्या दिवशीच “बस झालं” म्हणतात. राहिलं ते सरळपणाचं शास्त्र.

पहिलं, ओळंबा आणि सूत. जुनी, पडकी भिंत चालेल. ओळंबा सोडून ती कुठे बाहेर गेली, कुठे आत आली ते पाहायची सवय लावा. दुसरं, पाण्याच्या पाइपने लेव्हल घेणं. तिसरं, कोपरा काटकोनात काढणं: एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजा. दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा गुण्यात. याला शाळा लागत नाही, टेप लागतो. मग थापी. सुरुवात कंपाउंडच्या भिंतीवर किंवा जोत्याच्या आतल्या बाजूला करा, तिथे चुकलं तरी मातीत झाकतं. छताचं प्लास्टर सगळ्यात शेवटी. नकाशा वाचायला शिका, निदान दरवाजे-खिडक्यांची मापं आणि भिंतीची जाडी. ज्याला नकाशा वाचता येतो त्याच्याशी ठेकेदार वेगळ्या सुरात बोलतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

प्रशिक्षण हवं असेल तर प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे. ते ४५ दिवसांचं असतं आणि प्रत्यक्ष घर बांधताना शिकवतात. पंचायत समितीत घरकुलाच्या टेबलावर नाव द्या. तिथे “हे गड्यांसाठी आहे” असं ऐकावं लागलं तर “कुठं लिहिलं आहे ते दाखवा” म्हणा. झारखंडमध्ये स्वच्छ भारतच्या संडासांच्या वेळी गावोगावच्या बाया गवंडीकाम शिकल्या. तिथे त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणतात. केरळात कुडुंबश्रीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी बचतगटांच्या, बायांच्या टोळ्या घरं बांधून देतात. आपल्याजवळचं उदाहरण १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचं. लातूर-धाराशिवकडे घरं उभी राहताना बायांच्या गटांनी बांधकामाची माहिती घेतली आणि गावाला समजावून सांगितली. तिथेही सुरुवातीला लोक हसले असतीलच.

एकटीने शिकायला जाऊ नका. दोघी-तिघी जा. एकटी बाई थापी धरते तेव्हा सगळी साइट बघत बसते. तिघी धरतात तेव्हा काम चालू राहतं.

आणि शिकून झालं की रोजी मिस्त्रीची मागा. “अजून हात बसायचा आहे” हे वाक्य पोराला सहा महिने ऐकावं लागतं, बाईला सहा वर्षं.

मी ठेकेदार आहे. बाईला मिस्त्री केलं तर माझे गडी काम सोडून जातील.

एखादा जाईल. पण सध्या तुमची अडचण काय आहे ते आठवा. चांगला मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर नागपूर-पुण्याला पळतो, तुमचा स्लॅब पंधरा दिवस अडकतो. तुमच्याकडे वर्षानुवर्षं राहिलेल्या, गाव न सोडणाऱ्या, माल ओळखणाऱ्या चार बाया आहेत. शहाणा धंदेवाला त्यांच्यावर दोन महिने खर्च करेल. सुरुवात टाइल आणि आतल्या प्लास्टरपासून करा. तिथे सफाई दिसते आणि कुरकुर कमी होते. जुन्या मिस्त्रीला शिकवण्याचे जास्तीचे पैसे द्या. फुकट शिकवायला सांगितलं तर तो रागाने शिकवेल.

परांचीवर बाईने साडी नेसून चढावं का?

चढू नये. पदर अडकतो, काठ पायात येतो. वरून गड्याचा जुना शर्ट घालायची आपल्याकडची सवय चांगली आहे, खाली सलवार किंवा पॅन्ट असावी. घरातल्यांची हरकत असली तर परांची किती उंच आहे ते त्यांना एकदा दाखवून आणा. हेल्मेट आणि बूट बाईच्या मापाचे घ्या. डोक्यावर चुंबळ आणि वर ढिलं हेल्मेट हा प्रकार दोन्ही कामांचा नाही.

मुकादम किंवा मिस्त्री घाण बोलतो, हात लावतो. तक्रार कुठे करायची? काम गेलं तर?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा साइटलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते. तालुक्याला त्यासाठी नोडल अधिकारी असतो. त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. तातडीची वेळ असेल तर ११२, सल्ल्यासाठी १८१.

काम जायची भीती खोटी नाही. मजूर बाईची तक्रार क्वचितच कागदावर येते ती याचमुळे. म्हणून सोबतच्या बायांना आधी सांगा, तारीख-वेळ लिहून ठेवा, आणि त्या माणसासोबत एकटीचं काम नाकारा. ठेकेदारांनीही समजून घ्यावं: मुकादमाच्या स्वभावामुळे बाया येत नाहीत ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत असते, सगळ्यात शेवटी कळते ती तुम्हाला.

घरकुल बायकोच्या नावावर आहे. तरी मिस्त्री सगळं मलाच विचारतो. ठीक आहे ना?

ठीक नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर देतात, विधुर-अविवाहितांचा अपवाद सोडला तर. सपाट भागात १,२०,००० रुपये टप्प्याटप्प्याने खात्यात येतात, त्याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. त्या ९० दिवसांच्या मस्टरवर नाव कोणाचं लागलं ते पाहा. तराई करणारी, विटा भिजवणारी, माती भरणारी बाई असते आणि मस्टरवर दिराचं नाव असतं. चुलीची जागा, ओट्याची उंची, न्हाणीच्या दाराचं तोंड हे तरी तिला विचारून करा. ओटा मिस्त्रीच्या कमरेच्या मापाने होतो आणि पुढची तीस वर्षं पाठ तिची दुखते.

मुलीला सिव्हिलला घालावं का? साइटवर तिला कोण जुमानेल?

घाला. १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून शकुंतला जोशी, पुढच्या शकुंतला भगत, सिव्हिल इंजिनिअर झाल्या आणि त्यांनी हिमालयातल्या दुर्गम भागांसाठी पूल रचले. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल हाही चांगला रस्ता आहे, जिल्ह्यातच होतो. जुमानण्याचं म्हणाल तर पहिले सहा महिने कोणालाच जुमानत नाहीत, पोरालाही नाही. फरक एवढाच की पोराला साइटवर पाठवतात आणि पोरीला ऑफिसात बसवून बिलं टाइप करायला लावतात. मुलाखतीतच विचारून घ्यायला सांगा: साइट मिळेल का?

ग्रामपंचायत यात काय करू शकते?

बरंच, आणि बहुतेक फुकट. पंचायतीच्या प्रत्येक कामावर हजेरी नावानिशी ठेवायला लावा. काम देताना संडास, पिण्याचं पाणी आणि सावलीची अट लिहा. ९० दिवसांचं प्रमाणपत्र मागायला आलेल्या बाईला “नवऱ्याला पाठवा” म्हणू नका. बांधकाम मजुरांची यादी वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचा, त्यात खोटी नावं असतील तर तिथेच निघतील. आणि पुढच्या नालीच्या किंवा कंपाउंडच्या कामात, भिंत फार उंच नसते तेव्हा, दोन बायांना मिस्त्रीच्या सोबत मिस्त्रीच्याच रोजीवर लावा.